झिपरू आप्पांची राहिलेली यात्रा

आमचे शेजारी झिपरू आप्पा चाकावर बसत नसत. बैलगाडी घ्या, दमणी घ्या, आमच्या शहाद्याला नवीच सुरू झालेली सर्व्हिस मोटार घ्या. ज्याच्या खाली चाक आहे अशा कशालाही त्यांनी कधी बूड टेकवलं नाही. माझ्या धाकट्याचा पांगुळगाडा ओट्यावर आडवा पडलेला असायचा, तर तोही काठीने लांब सारून मग ते बसायचे. कोणी कारण विचारलं की उत्तर ठरलेलं होतं.

"देवनी पाय दिनात, सुतारनी चाकं. मी देवनं ऐकस."

आमच्या गल्लीत एक सुतार राहायचा. त्याला हे वाक्य बिलकूल आवडत नसे. पण आप्पांना तोंडावर कोणी काही बोलत नसे, कारण निम्म्या गावाचे निरोप त्यांच्या पायांवर अवलंबून होते.

आमचे हे शाळेत मास्तर. घर भाड्याचं. दोन खोल्या आमच्या, पलीकडची एक आप्पांची आणि पुढे ओटा दोघांत मिळून. ओटा सारवायचा मी आणि त्यावर चिखलाचे पाय उमटवायचे आप्पांनी, अशी आमची वाटणी होती. आमच्याकडची काळी जमीन तुम्ही पावसाळ्यात पाहिली नसेल तर तुम्हाला चिखल म्हणजे काय ते ठाऊक नाही. ती पाय धरते ती सोडत नाही, आणि सोडते तेव्हा अर्धं वावर पायाबरोबर पाठवते. आप्पा वहाणा काठीला अडकवून अनवाणी चालत. घरी येईतो दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत काळे बूट चढलेले असत.

मी चिडून विचारायची, "आप्पा, आज कोणाच्या शेताचा बांध उचलून आणलात?"

ते खाली वाकून पाय नीट बघत आणि शांतपणे सांगत, "हाऊ डावा लोणखेडाना. हाऊ उजवा मंदानाना."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

वय पन्नाशीच्या पुढचं. अंगाने काटक, उंच, डोक्याला भलामोठा पांढरा फेटा. खाल्लेलं सगळं बहुतेक पायात जात असावं, कारण वरती कुठे काही दिसत नव्हतं. अंतर ते कोसात मोजत नसत, भाकरीत मोजत. ज्या गावाला पोचेपर्यंत एक भाकर जिरते ते गाव एका भाकरीवर. प्रकाशा अर्ध्या भाकरीवर, दोंडाईचा स्टेशन दोन भाकरींवर. होळीला ते सातपुडा चढून काठी नावाच्या गावाला जायचे. काठी किती लांब, असं ह्यांनी एकदा विचारलं तर म्हणाले, "जवारी-उडीदना कळनान्या व्हतीन ते चार. नुसत्या जवारीन्या व्हतीन ते सहा." ह्यांनी शाळेतल्या पोरांना मैल आणि फर्लांग शिकवायचे, आणि पोरांनी घरी येऊन आप्पांकडून भाकरी शिकायच्या.

निरोप पोचवणं हा त्यांचा उद्योग. त्याचे पैसे घेत नसत. तिथे जेवायला घालतील तेवढंच. खंडीभर माणसांचे निरोप डोक्यात घेऊन ते निघत आणि जसा दिला तसाच, कानामात्रा न बदलता, पोचवत. एकदा मी ब्राह्मणपुरीला माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, निरोप पाठवला की यंदा लोणचं पाठव. आणि सांगता सांगता सहज पुटपुटले, "पाठवेल कसली, हात आखडता आहे तिचा." मधे मला एक शिंकही आली. आप्पांनी अक्काच्या दारात उभं राहून लोणचं सांगितलं, आखडता हात सांगितला आणि योग्य जागी शिंकूनही दाखवलं. अक्काने लोणचं पाठवलं नाही. तिने उलट जो निरोप पाठवला तो मी इथे लिहीत नाही.

"अहो, मधलं गाळायचं नाही का?" मी कपाळावर हात मारून घेतला.

"निरोप मना नही, बहिन. तुन्हा शे. मी तो कसाले कापू?"

निरोप सांगून झाला की ते त्या घरी थोडे रेंगाळत, हे मात्र मला पुष्कळ जणींनी सांगितलं. पाणी मागायचं, ते घोट घोट प्यायचं, घरात किती माणसं आहेत ते विचारायचं. पोरांची नावं विचारायची आणि पुढच्या वेळी ती बरोबर घ्यायची. कोणी "बसा हो आप्पा" म्हटलं की बसायचे. म्हटलं नाही तर उंबऱ्याकडे एकदा बघून निघायचे. घरी आले की खोलीचं दार ओढून घेऊन ओट्यावर दोर वळत बसत. त्यांच्या खोलीत बसण्यासारखं काही नव्हतंच. एक तांब्या, एक तवा, एक घोंगडी. माझ्या स्वयंपाकघरातून ते दिसायचे आणि मला उगाच वाईट वाटायचं. मग मी भाकरीवर पिठलं घालून नेऊन द्यायची आणि ओट्यावरच्या चिखलावरून पुन्हा चार शब्द सुनवायची. नुसतं पिठलं दिलं असतं तर त्यांना ते दया केल्यासारखं वाटलं असतं.

सर्व्हिस मोटार सुरू झाली तेव्हा लोक तिला भीत होते. मोटारीचा मालक मारवाडी शेठ मोठा हुशार. तो आप्पांकडे आला आणि म्हणाला, "आप्पा, एक फेरी मारा. फुकट. तुम्ही बसलात की सगळं गाव बसेल."

"मन्ही यात्रा आजून पुरी व्हयनी नही, शेठ. यात्रा पुरी व्हस तोपावत चाकवर बठानं नही."

"कसली यात्रा?"

आप्पा नुसते हसले. शेठ म्हणाला, अहो, दोंडाईच्याला तासाभरात पोचाल, इतकं चालता कशाला? तर म्हणाले, "मरेल मानूसले कसानी घाई?"

आणि स्वतःच मोठ्यांदा हसले. मेलेल्या माणसाला कसली घाई, हे ते वरचेवर म्हणत. मी नवीन होते तेव्हा मला वाटे, म्हातारबुवांचा विनोद आहे.

तो विनोद नव्हता हे मला अक्काने सांगितलं. आप्पा तिच्याच ब्राह्मणपुरीचे. खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं घर, दोन भाऊ: थोरले झिपरू, धाकटा दशरथ. आप्पांची बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेली. मूलबाळ नव्हतं. घरात त्यांचं मन लागेना, तेव्हा गावाजवळच्या काही यात्रेकरूंबरोबर ते नर्मदेच्या परिक्रमेला पायी निघाले. वाटेत शूलपाणीच्या जंगलात त्यांना ताप भरला. सोबत्यांनी थोडी वाट पाहिली आणि ते पुढे गेले. पुढे त्यांना कोणीतरी सांगितलं की तुमचा तो माणूस मेला. ती बातमी त्यांनी गावी आणली. घरच्यांनी बरेच महिने वाट पाहिली आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून तो जाळला, दशरथने डोकं भादरलं, सगळी भाऊबंदकी तेरावं जेवली.

इकडे ज्यांचं तेरावं झालं ते आप्पा डोंगरात एका पावरा आदिवाशाच्या घरी मक्याची भाकर खाऊन केव्हाच बरे झाले होते. बरं वाटल्यावर सरळ घरी यावं की नाही? पण अर्धी यात्रा टाकून परतणं त्यांना बरं दिसेना. उरलेली परिक्रमा सावकाश पुरी करून ते श्रावणात घरी आले. आले ते नेमके कानबाईच्या दिवशी.

कानबाई ही आमच्या खानदेशातल्या घराघरांतली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, लुगडं नेसवून तिला बसवतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर बोळवतात. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळीचे, रोटाचे, गहू कसेही घेत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची मूठ सुपात टाकायची. माणूस परगावी असला तरी त्याची मूठ पडते, काल जन्मलेल्या पोराचीही पडते. मेलेल्याची पडत नाही. आणि तो रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचा. परक्याला देता येत नाही, टाकूनही देता येत नाही.

तर गहू मोजून झाले होते आणि दारात आप्पा उभे. आई धावली, पण भाऊबंदांनी तिला धरलं. देवीपुढे आता काय करायचं? भटजींना बोलावलं. भटजींनी पोथी पाहून सांगितलं की ज्याचा पुतळा जाळला त्याला पुन्हा जन्माला यावं लागतं. तुपाने न्हाऊ घालायचं, पाळण्यात घालायचं, बारसं करायचं, सगळं पहिल्यापासून.

"मी पाळनामा मावस का?" आप्पा म्हणाले. "मी जित्ता शे. जित्ता मानूस आखो काय जनमी?"

दशरथ तेव्हा तरुण, भाऊबंदांना भ्यायचा. तो म्हणाला, दादा, क्षणभर बस पाळण्यात, तुझं काय जातं? झालं. आप्पा पाय न धुता दारातून फिरले ते तडक शहाद्याला आले. यात्रेहून आलेल्या माणसाने घरी भाऊबंदांना मावंद्याचं जेवण घातलं की मगच यात्रा पुरी होते. आप्पांचं मावंदं राहिलं, म्हणून यात्रा राहिली, म्हणून चाक नाही. मध्यंतरी आई गेली. थोरला मुलगा असून तिला अग्नी द्यायला आप्पांना कोणी बोलावलं नाही. दशरथ म्हणायचा, दादाने यावं. आप्पा म्हणायचे, त्याने बोलवावं. गावोगाव दुसऱ्यांचे निरोप वाहणाऱ्या ह्या माणसाला स्वतःच्या घरचा एक निरोप येत नव्हता, आणि तो आपण होऊन पाठवतही नव्हता.

श्रावण लागला की ते गप्प गप्प होत. कानबाईच्या सोमवारी पहाटेच निघून जात आणि संध्याकाळी चिखलाने भरून परत येत. श्रावणी सोमवार, प्रकाशाला महादेवाच्या दर्शनाला जातो, असं सांगत. मीही कधी जास्त विचारलं नाही.

त्या वर्षी पावसाने आठवडाभर उसंत दिली नव्हती. अक्का अंगणात घसरली आणि तिचा पाय मुरगळला. घरात कानबाईचे पाहुणे, म्हणून तिने उखा गाडीवानाबरोबर गाडी पाठवली की असशील तशी ये. माझ्या सासरी कानबाई बसत नाही, त्यामुळे मी मोकळी होते. सोमवारी झुंजूमुंजू होताच निघालो. गाव मागे पडतं तोच पुढे चिखलात एक पांढरा फेटा डुलत चाललेला दिसला.

"आप्पा! तुम्ही प्रकाशाला ना?"

"हां. प्रकाशालेच."

"अहो, प्रकाशा राहिलं मागे. ही ब्राह्मणपुरीची वाट."

आप्पांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि म्हणाले, "माले माहीत शे. मी आठेतीन फिरीसन जास."

इथून वळसा घालून प्रकाशाला! उखा तोंडात उपरणं धरून हसायला लागला. मला मात्र हसू आलं नाही. त्यांचा चेहरा बरा दिसत नव्हता.

मग आम्ही बरोबरच चाललो. म्हणजे मी गाडीत आणि ते गाडीच्या बाजूने. चाकाला चिखल चढून चढून त्याचे आरे दिसेनासे झाले. उखा उतरून तो खरवडायचा, तोवर आप्पा पुढे जाऊन काठीने आपले पाय खरवडायचे. एरवी रस्ताभर ह्याची सोयरीक, त्याची म्हैस असं काहीबाही सांगत जाणारा माणूस, पण त्या दिवशी नुसती पावलं मोजत होता. मीच दोनदा म्हटलं, "बसा हो गाडीत, कोणी बघत नाही." त्यांनी ऐकलंच नाही. ब्राह्मणपुरीची झाडं दिसायला लागली तसे ते थांबले. "तुम्ही जा, बहिन. माले जरा तिकडे जानं शे," असं म्हणून नदीकाठच्या बाभळींत शिरले.

पुढे वाट खाली नदीकाठाला उतरून मग गावात जाते. एका बाजूला निवडुंगाचं कुंपण, दुसऱ्या बाजूला बाभळींचा उतार, मध्ये एकच गाडी जाईल एवढी जागा. तिथे आमची गाडी रुतली. डावं चाक कण्यापर्यंत गेलं आणि एका बैलाने सरळ बसकण मारली. उखाने आरोळ्या मारल्या, शेपट्या पिळल्या, काही उपयोग नाही. एवढ्यात समोरून ढोल ऐकू आला. गावच्या कानबाया नदीवर निघाल्या होत्या. पुढे एका घरची कानबाई डोक्यावर घेतलेली बाई, मागे गाणाऱ्या बायका, त्यांच्या मागे सगळी भाऊबंदकी. कानबाईला मागे फिरवता येत नाही आणि पुढे वाटेत मी! ढोल थांबला, गाणं थांबलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"काय देखी ऱ्हायनात? लावा हात!" एक आडव्या अंगाचा, पांढऱ्या स्वच्छ धोतराचा माणूस म्हणाला आणि स्वतः येऊन डाव्या चाकाला खांदा लावून उभा राहिला. त्याला मी अक्काकडे येताजाता पाहिलं होतं. तो दशरथ.

सगळ्यांनी जोर केला. गाडी हलली नाही. मी मदतीला आणखी कोणी दिसतं का म्हणून आजूबाजूला पाहिलं, तर वर बाभळींच्या कडेला आप्पा उभे. एक पाय पुढे, एक मागे. त्यांना भ्यालेलं मी त्याच दिवशी पाहिलं. मग बसलेला बैल हंबरला आणि ते निघाले. निघाले कसले, उतारावरून जे घसरले ते लोळत थेट आमच्या चाकापाशी आले. उठले तेव्हा फेटा कुठल्या कुठे गेलेला, डोक्यापासून पायापर्यंत नुसता काळा गाळ. डोळे तेवढे उघडे. काही न बोलता त्यांनीही डाव्याच चाकाला खांदा लावला. दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे, आणि एकाला पत्ता नाही.

"अरे बाबा, जेवी उना नही का?" दशरथ त्यांच्यावर ओरडला. "जोर लाव ना!"

आप्पांनी जोर लावला. चाक वर आलं, दोघांच्याही तोंडावर चिखलाची चिळकांडी उडाली आणि गाडी बाजूला लागली. लोक हसले. दशरथही हसत म्हणाला, "कोन गावना रे बाबा तू?"

आप्पा नुसते मागे सरकले आणि जायला वळले.

"थांब, थांब. पाय तरी धू," दशरथ म्हणाला, आणि बायकोला हाक मारून त्याने सांगितलं, "ह्यासना पायवर पानी टाक."

त्याची बायको सोनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. खाली वाकली आणि पाणी घालू लागली. चिखल ओघळला आणि एक पाय दिसायला लागला. मग दुसरा. आणि तांब्या तसाच तिरपा राहिला, पाणी संपलं तरी. एकाएकी तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि चार पावलं मागे सरली.

आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, जेठापुढे, बाई मान वर करत नाही आणि त्याच्याशी बोलतही नाही. सोनाबाई त्या घरात नांदायला आली तेव्हापासून आप्पा यात्रेला जाईपर्यंत एकाच छपराखाली राहिली, पण तिने त्यांचं तोंड कधी नीट पाहिलेलं नव्हतं. पाहिले होते ते पाय. दारातून येणारे, पाटावर बसणारे, यात्रेला निघालेले. तोंडाला चिखल लागल्याने बाकी सगळे फसले. तिचं काहीच अडलं नाही.

ती माझ्याजवळ आली. तिथे परकी अशी मीच होते. पदराआडून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बाई, त्यासले सांगा, घर चाला."

आप्पा माझ्यापासून दोन हातांवर उभे. तरी रीत ती रीत. मी म्हटलं, "आप्पा, त्या म्हणतात, घरी चला."

दशरथने तेव्हा कुठे त्या काळ्या माणसाकडे नीट पाहिलं. बोलले ते भाऊबंदांतले एक म्हातारे आबा. "त्याना पुतळा जाळेल शे. पह्यले भटजीले इचारनं पडी."

सोनाबाईचा पदर जागचा हलला नाही. आवाज मात्र चढला.

"बाई, आबासले सांगा, त्यासना नावनी मूठ दरसाल पडस. मन्ही सासू टाके, ती गई तवयपाईन मी टाकस. सासू म्हने, मना पोऱ्या चाली ऱ्हायना, तो मरेल नही. मरेल मानूसनी मूठ पडती ते कानबाई इतला साल गप बसती का?"

मी आबांकडे वळले, पण मला काही सांगावं लागलं नाही. म्हातारा तोंड उघडं टाकून उभा होता. मेलेल्याची मूठ देवीने इतकी वर्षं चालवून घेतली असती होय? त्या घरात साधं वासरूही दगावलं नव्हतं. म्हणजे देवीच्या लेखी माणूस जिवंत. ह्याच्यावर भटजी तरी काय बोलणार?

इतक्या वर्षांत पहिल्यांदा आप्पा घरच्यांशी बोलले, तेही माझ्याकडे बघून. "बहिन, तिले इचार, मना वाटाना रोट कोनी खादा?"

"आखो कोन खाई?" सोनाबाई म्हणाली. "ह्याच खातस. दोन्ही वाटा."

दशरथने मान खाली घातली. "ती ताटमा वाढे, मी खाऊ," तो पुटपुटला. "मी काय इचारं नही. तिनी काय सांगं नही."

आप्पांनी त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि एकदम त्यांच्या तोंडून गेलं, "तरीच! मी दरसाल देखस, हाऊ इतला जाडा कसा व्हई ऱ्हायना!"

कोणी हसलं नाही. दशरथने मान वर केली.

"दरसाल कठेतीन देखस, दादा?"

आपण काय बोलून गेलो ते आप्पांना तेव्हा कळलं. त्यांनी चिखलाने भरलेला हात उचलून बाभळींकडे दाखवला. त्यांचं प्रकाशा कुठे होतं ते मला समजलं. दर श्रावणात हा माणूस तिथे झाडाआड उभा राहून आपल्याच घरची कानबाई नदीवर जाताना बघत होता आणि माघारी येऊन माझ्या ओट्यावर दोर वळत बसत होता. मला रडू आवरेना. आवरायचा प्रयत्नही मी केला नाही.

कानबाई बोळवून आल्यावर आप्पांना घरी नेलं. अक्का तिकडे पाय धरून वाट बघत बसली होती, पण मला काही तिथून हलवेना. मी ओसरीवर बसले. आत भाऊबंदांची पंगत बसली, त्यात आप्पांचं ताट. त्यांनी रोट हातात घेतला, मोडला आणि अर्धा दशरथच्या ताटात ठेवला.

"खाय. तुले सवय शे."

दशरथने तो खाल्ला. डोळे पुसत खाल्ला, पण खाल्ला. पुढे पौर्णिमेला मावंदंही झालं. ते जेवायला आम्ही दोघं गेलो होतो. यात्रा पुरी झाली असं आबांनीच सगळ्यांसमक्ष सांगितलं.

मला वाटलं, आता आप्पा काही आमच्या शेजारी राहत नाहीत. मी ह्यांना म्हटलंसुद्धा की खोलीला नवा भाडेकरू बघा. आणि चारच दिवसांनी एका दुपारी पाहते तो आप्पा चिखल तुडवत आले, ओट्यावर बसले आणि पाय खरवडायला लागले.

"आप्पा? यात्रा झाली ना पुरी? गाडीने तरी यायचं."

"बठीसन काय करू, बहिन."

"आणि घर सोडून का आलात? काही बोललं का कोणी?"

"नही, नही. लोक चांगला शेतस. जागा शे, ताट शे. मी ओट्यावर बठनू का पोरं उठी जातस. दशरथ दिसभर समोर बठस. तो बी गप, मी बी गप." मग पुन्हा पाय खरवडत ते म्हणाले, "रस्तामा तो मनासंगे खूप बोले."

"कोण?"

"दशरथ. इतला साल. मी चालू तवय तो संगे ऱ्हाये. भांडे, हासे, मायनी याद काढे. तठे गऊ ते त्याले काहीच बोलता येस नही." त्यांनी काठी खाली ठेवली. "आते रस्तावर बी तो येस नही. आज आख्खा रस्ता एकलाच उनू."

एवढी वर्षं हा माणूस शेजारी राहिला आणि तो एकटा चालतो असं मी समजत होते. खरा एकटा तो त्या दिवशी झाला होता. मी चहा केला. त्यांनी तो घेतला आणि पुढे आठवडाभर ते कोणाचा निरोप घेऊन गेले नाहीत. लोक यायचे, तर म्हणायचे, पाय दुखतात. आप्पांचे पाय दुखतात ह्यावर गावात कोणाचा विश्वास बसेना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दशरथ आला. चालत आला. तो आडवा माणूस मांड्यांपर्यंत चिखलात, एक वहाण पायात, दुसरी बहुधा वाटेत कुठे रुतलेली, आणि भात्यासारखा धापा टाकतोय. मी विचारलं, "अहो, गाडी कुठे?"

"गाडी घर शे," तो श्वास घेत म्हणाला. "पन दादा काही गाडीमा बठाव नही. मंग म्हनं, आपुनच चालूत."

आप्पा दारात येऊन उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही दुसरीकडे पाहिलं. मी आत जाऊन पाणी आणलं.

"उद्या पोळा शे," शेवटी दशरथ म्हणाला.

आप्पांनी काठी घेतली आणि निघाले. दशरथ त्यांच्या मागे. मी ओट्यावरून बघत होते. गल्लीच्या टोकापर्यंतच दशरथ मागे पडला, थांबून पायाचा चिखल झटकू लागला, आणि आप्पा आपल्या नेहमीच्या चालीने वळणाआड दिसेनासे झाले. मला वाटलं, झालं, पुन्हा एकटेच जातात की काय.

ते परत वळणावर आले. दशरथ पोचेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग दोघे बरोबर चालू लागले. दशरथ हातवारे करून काहीतरी सांगत होता, बहुतेक त्या हरवलेल्या वहाणेचंच असेल. आप्पाही मध्येच थांबून काठी वर करून त्याला काहीतरी सुनवत होते. इतक्या लांबून मला एक शब्दही ऐकू आला नाही. पण दोघेही एकदमच बोलत होते.